वाणाला दहा वर्षं, माणसाला अकरा महिने

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ साली 'पटेल ३' या धानाच्या बांधीत काही वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. त्यांनी त्या लोंब्या वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्ष निवड करत राहिले. १९९० च्या सुमारास तो बारीक धान बाजारात आला तेव्हा त्याला नावही नव्हतं. त्या काळातल्या लोकप्रिय घड्याळावरून लोक त्याला 'एचएमटी' म्हणू लागले.

आज याच पट्ट्यात कृषी विज्ञानाच्या संस्था उभ्या आहेत. सिंदेवाहीला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं विभागीय संशोधन केंद्र आहे, वरोऱ्याला आनंद निकेतन कृषी महाविद्यालय, गडचिरोलीजवळ सोनापूरला कृषी महाविद्यालय आणि कृषी विज्ञान केंद्र. दरवर्षी पदव्या घेऊन मुलं-मुली बाहेर पडतात. त्यांनी पुढे कुठे काम करायचं, किती पगारावर आणि किती दिवस, हा प्रश्न घराघरांत आहे.

पुढचा संवाद या प्रश्नावरच्या दोन भूमिकांचा आहे. बोलणारी माणसं मी रचली आहेत. काकाजी मूल तालुक्यातले धान उत्पादक, एका लहान राईस मिलचे मालक. पुतणी एम.एस्सी. (कृषी), विषय वनस्पती पैदास. धानाच्या एका प्रकल्पावर ती करारावर होती, प्रकल्प संपला आणि ती घरी आली.

पगार आधी की काम आधी?

काकाजी : तुम्हा शिकलेल्या पोरांचं एक मला पटत नाही, बेटा. दादाजींना कोणी नेमणूक दिली होती? मजुरी करून, पोटाला चिमटा घेऊन त्यांनी वाण काढले. एक नाही, नऊ! एचएमटी, नांदेड चिन्नोर, डीआरके, विजय नांदेड... आणि तुम्हाला आधी ऑर्डर पाहिजे, मग काम.

पुतणी : दादाजींबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे, काकाजी. पण त्यांना पगार नव्हता ही गोष्ट आपण अभिमानाने का सांगतो? २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती कलामांच्या हातून मिळाला, २०१० साली फोर्ब्स मासिकाने त्यांचं नाव छापलं. आणि लकवा झाल्यावर उपचाराच्या खर्चासाठी घरच्यांना मदतीची वाट पाहावी लागली. ३ जून २०१८ ला गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले. सत्काराच्या शालींनी दवाखान्याचं बिल भरता येत नाही. त्यांच्यावर झालेला अन्याय आमच्या पगाराचं मोजमाप कसा होईल?

काकाजी : मी मोजमाप म्हणत नाही. ओढ म्हणतो. ज्याला ओढ आहे तो वाट पाहत बसत नाही.

पुतणी : ओढ नसती तर मी कृषीला गेले नसते. पण ओढ आहे म्हणून स्वस्तात राबवून घ्यायचं, हे सगळ्याच कामांत चालतं. आशा ताईंना तेच सांगतात, अंगणवाडी सेविकांना तेच. आता आम्हालाही.

काकाजी : स्वस्तात? तुला किती मिळत होते?

पुतणी : केंद्राने २०२३ साली संशोधन छात्रवृत्ती वाढवली. ज्युनियरला ३७ हजार, सीनियरला ४२ हजार. मी सीनियर होते.

काकाजी : आता माझा हिशेब ऐक. २०२५-२६ ला धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल होता. एकरी अठरा क्विंटल आले असं धर. ४२ हजार ६४२ रुपये. पऱ्हे टाकण्यापासून रोवणी, निंदण, कापणी, मळणीपर्यंत अख्खा हंगाम, खर्च न काढता, एका एकराला तेवढे. तुझ्या एका महिन्याएवढे. आणि तू मला स्वस्त म्हणतेस!

पुतणी : हिशेब बरोबर आहे. तुम्हाला कमी मिळतं, हेही खरं. पण तुमचं उत्पन्न कमी आहे म्हणून माझं कमी असावं, असं त्यातून निघत नाही. माझ्या कामाने तुमचं उत्पन्न वाढलं पाहिजे, असं निघतं. एखाद्या नव्या वाणाने एकरी फक्त एक क्विंटल जास्त दिलं आणि तो फक्त दहा हजार एकरांवर लागला असं समजा. एका हंगामाला दोन कोटी सदतीस लाखांच्या जवळपास जास्तीचे आले. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाचं किंवा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञाचं मूळ वेतन ५७ हजार ७०० पासून सुरू होतं. वार्षिक वाढ सोडून दहा वर्षांचं मूळ वेतन धरा, सत्तर लाखांच्या आत बसतं. महागाई भत्ता धरून दुप्पट करा हवं तर. तरी एका हंगामात फिटलं.

काकाजी : वाण निघाला तर.

पुतणी : निघाला तर. आणि तो कशाने निघत नाही, तेच मला सांगायचं आहे.

पाच पगार, एकच पदवी

काकाजी : त्याआधी मला हे समजावून दे. एकाच कॉलेजातून निघालेली पोरं, कोणी गाडी घेतं आणि कोणी बापाकडे पेट्रोलला पैसे मागतं. असं कसं?

पुतणी : कारण पगार पदवीला नाही, कामालाही नाही, पदाला आहे. कायम पद मिळालं तर आत्ता सांगितले तसे ५७ हजार ७०० मूळ, वर भत्ते. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ म्हणून लागलं तर ५६ हजार १००. अशा केंद्रात सगळी मिळून सोळा पदं असतात आणि त्यातली विषय विशेषज्ञांची सहा. अख्ख्या जिल्ह्यासाठी. एमपीएससीतून कृषी सेवेत गेलं तर उत्तम, पण ती परीक्षा कधी होईल याचा नेम नाही. वरच्या एका जागेसाठी मुलं चार-चार वर्षं पुण्याच्या खोल्यांत अभ्यास करत बसतात.

काकाजी : आणि कृषी सेवक?

पुतणी : तिथे तर आकडा पाहूनच कळतं. कृषी सेवक म्हणजे पहिली तीन वर्षं ठोक मानधन, मग कृषी सहायक. आता त्या पदाला सहाय्यक कृषी अधिकारी म्हणतात. २०२३ साली मानधन १६ हजार केलं, त्याआधी ते ६ हजार होतं. २०२२-२३ ला महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ६ हजार ६५६. म्हणजे बांधावर माती टाकणाऱ्या मजुरापेक्षा, त्याच बांधावर उभं राहून कीड ओळखणाऱ्या पदवीधराला सरकार कमी देत होतं. मजुराला जास्त मिळाले याचं मला वाईट वाटत नाही, त्यालाही कमीच मिळतात. पण सरकारच्या लेखी शेतीशास्त्राची किंमत काय होती, ते त्या दोन आकड्यांत दिसतं.

काकाजी : खासगीत जा ना मग. बियाणे कंपन्या आहेत, औषधाच्या कंपन्या आहेत.

पुतणी : गेलेत माझ्या बरोबरचे. कंपनीत पैदासकाराची जागा जालन्याला किंवा हैदराबादला. आपल्या भागात जागा असते ती विक्रीची. मोटारसायकल, टार्गेट आणि कृषी केंद्राच्या काउंटरवर उभं राहणं. तुडतुड्याला कोणतं औषध लागतं हे शिकलेला मुलगा, कोणतं औषध या महिन्यात खपवायचं आहे ते सांगतो. त्यालाही कळतं की हे चूक आहे. पण हप्ता असतो.

काकाजी : गडचिरोलीत तर सरकार जास्त देतं म्हणतात.

पुतणी : नियमित कर्मचाऱ्याला. ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी, शिवाय प्रोत्साहन भत्ता. योग्यच आहे ते. पण ठोक मानधनावरच्या संशोधन सहायकाला कसली एकस्तर! भामरागडचा रस्ता पावसाळ्यात त्यालाही तेवढाच लांब असतो. आणि पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातली कृषी सहायकाची पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांनी भरायची, तर ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि माडिया-गोंड पोरं पात्र असून वर्षानुवर्षं लटकली. गोंडी-माडियात शेतकऱ्याशी बोलू शकणारा कृषी पदवीधर घरी बसला. यात नुकसान कोणाचं?

एका फुलाची सकाळ

काकाजी : तू म्हणालीस वाण कशाने निघत नाही ते सांगते.

पुतणी : धानाचं फूल तुम्ही जन्मभर पाहिलंत. सकाळी नऊच्या पुढे उघडतं, तासाभरात मिटतं. आत सहा परागकोश. संकर करायचा तर ते फुटायच्या आधी, लोंबीतल्या एकेका फुलाचं टोक कात्रीने तिरपं छाटायचं आणि चिमट्याने सहाही काढायचे. एक राहिला तर सगळी मेहनत वाया, कारण धान स्वतःच्याच परागाने फळतो. मग बटर पेपरची पिशवी घालून, टाचणी लावून ठेवायची. दुसऱ्या दिवशी नराच्या लोंब्या आणून त्यावर झटकायच्या. एका सकाळी मान मोडेपर्यंत बसलं तर काही मोजकी फुलं होतात, त्यातले निम्मे दाणे भरत नाहीत.

काकाजी : एवढ्यावर होतो वाण?

पुतणी : इथून सुरू होतो. पहिल्या वर्षी संकर, दुसऱ्या वर्षी त्याची पहिली पिढी. दुसऱ्या पिढीत हजारो झाडं, एकासारखं एक नाही. त्यातून निवडायचं, आणि सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत निवडत जायचं, तेव्हा कुठे ओळ एकसारखी होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वर्षाला एकच धान. त्यानंतर केंद्रावर उत्पादनाच्या चाचण्या, मग वेगवेगळ्या ठिकाणी तीन वर्षं चाचण्या, मग प्रसारण समिती, मग अधिसूचना. दहा ते बारा वर्षं. दादाजींना सात लागली, कारण त्यांना आयतं वेगळं झाड सापडलं होतं आणि ते ओळखणारी नजर त्यांच्याजवळ होती. पण सातही वर्षं माणूस एकच होता, हे विसरू नका.

काकाजी : आणि तुमच्याकडे?

पुतणी : माझा करार अकरा महिन्यांचा. मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा अकरा. प्रकल्प संपला की घरी. माझ्या आधी जो होता त्याने चौथ्या पिढीत खुणेच्या पट्ट्या बांधल्या होत्या. रजिस्टर व्यवस्थित होतं, क्रमांक होते. पण एका ओळीपुढे नुसतं 'चांगली' लिहिलेलं. कशाने चांगली? त्या साली गादमाशी पडली होती, शेजारच्या ओळींत पोंग्याऐवजी चंदेरी नळ्या निघाल्या आणि ही ओळ वाचली, म्हणून? की फक्त लोंबी लांब होती म्हणून? तो माणूस तोवर बँकेच्या परीक्षेत पास होऊन निघून गेला होता. गादमाशी दरवर्षी सारखी पडत नाही. जिने वाईट साल पाहिलं तिलाच माहीत असतं की कोण टिकलं. मी ती ओळ ठेवली, पण अंदाजाने. माझ्यामागून येणारा कदाचित टाकून देईल.

काकाजी : म्हणजे पगार कमी हे तुझं दुखणं नाहीच.

पुतणी : ४२ हजार कमी नाहीत. ते तुटक आहेत. गुरदेव खुश हे आपल्याच देशात जन्मलेले शास्त्रज्ञ. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६७ ते २००१ एकाच पिकावर बसले. आयआर ३६, आयआर ६४ हे त्यांच्या काळातले वाण. अर्ध्या आशियाने खाल्ले. हुशारी होतीच, पण चौतीस वर्षंही होती. इतक्या दूर कशाला जायचं? तुमच्या बांधीत काय लावलंय?

काकाजी : निम्म्यात १०१०, थोडी सुवर्णा. उरलेल्यात एचएमटी.

पुतणी : १०१० आणि सुवर्णा, दोन्ही आंध्रातल्या मारुटेरू केंद्राच्या. १९२५ पासूनचं केंद्र आहे ते, गोदावरीच्या पट्ट्यात. वाणांच्या नावातलं एमटीयू म्हणजे मारुटेरूच. शंभर वर्षं एका जागी एका पिकावर काम चालू राहिलं, म्हणून तिथला वाण मूलच्या बांधीत आला. आणि तिसरा वाण दादाजींचा, बिनपगारी माणसाचा. मधल्या पगारी व्यवस्थेने तुमच्या तीन बांध्यांत काय दिलं, ते तुम्हीच सांगा.

काकाजींची तक्रार

काकाजी : आता माझ्या मुद्द्यावर आलीस. सिंदेवाहीच्या केंद्राने वाण काढले नाहीत असं नाही, काढले. साकोलीच्या केंद्राचेही आहेत. पण कायम नोकरी मिळाली की माणूस बांधीवर दिसत नाही, हे मी पाहिलंय. पगार महिन्याच्या महिन्याला, वाण निघो न निघो. बदली नागपूर-अकोल्याकडे कशी होईल, यात अर्धं मन. तू म्हणतेस सलग दहा वर्षं द्या. दहा वर्षं खुर्ची गरम करणाऱ्यालाही द्यायची का?

पुतणी : नाही. पण त्याच्या भीतीने सगळ्यांनाच अकरा महिन्यांवर ठेवलं तर खुर्चीही रिकामी आणि बांधीही.

काकाजी : आणि श्रेयाचं काय? १९९४ साली सिंदेवाहीच्या केंद्राने दादाजींकडून एचएमटीचं बियाणं अभ्यासाला नेलं. १९९८ साली 'पीकेव्ही-एचएमटी' म्हणून वाण आला. नावात विद्यापीठ आहे, नांदेड गाव नाही. दादाजी शेवटपर्यंत हेच बोलत होते. पगारी शास्त्रज्ञाला पगारही मिळाला आणि वाणही.

पुतणी : त्यात विद्यापीठाची एक बाजू आहे, ती सांगते, मग तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या. शेतकऱ्याकडच्या बियाण्यात भेसळ असते. ते शुद्ध करायचं, चाचण्या घ्यायच्या, अधिसूचित करायचं, तेव्हा पैदासकार बियाणं, त्यावरून पायाभूत आणि त्यावरून प्रमाणित बियाणं तयार होऊन महाबीजच्या पिशवीत जाऊ शकतं. हे खरं काम आहे आणि कोणीतरी करायलाच पाहिजे. पण झाड ओळखणं हे त्याहून पहिलं काम, ते दादाजींचं. दोन्हींची नोंद एकाच कागदावर व्हायला हवी होती. तेव्हा कायदा नव्हता. २००१ साली पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आला. आता शेतकरी स्वतःच्या नावाने वाण नोंदवू शकतो, आणि त्याच्या वाणावरून दुसरा वाण निघाला तर लाभातला वाटा मागू शकतो.

काकाजी : किती शेतकऱ्यांना माहीत आहे? अर्ज कोण भरणार? वाण इतरांपेक्षा वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे, हे दाखवायला शास्त्रच लागतं ना?

पुतणी : लागतं. म्हणून तर म्हणते, प्रत्येक तालुक्यात ते काम करणारा कृषी पदवीधर ठेवा. पगारावर. दादाजींसारख्या माणसाला तो हात देईल, आणि त्याला स्वतःला बियाण्याची नजर दादाजींसारख्याकडून मिळेल.

काकाजी : हे मला मान्य आहे. पण माझी अट आहे. त्याचं मूल्यमापन शोधनिबंधांवर नाही, शेतकऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींवर. बांधीवर किती आला, किती ओळी शेतकऱ्यांच्या शेतात लावल्या, शेतकऱ्यांनी काय पसंत केलं. दर वर्षी आम्हाला विचारा.

पुतणी : मान्य. लिहून द्या, मी सही करते.

मिलच्या दारात

पुतणी : आता मी तुम्हाला विचारते. तुमच्या मिलमध्ये अन्नतंत्रज्ञान शिकलेला माणूस का नाही?

काकाजी : माझी मिल केवढीशी! ऑपरेटर आहे, हमाल आहेत. शास्त्रज्ञ काय करील?

पुतणी : २०११ च्या अन्न सुरक्षा परवाना नियमांत आहे, परवाना घेणाऱ्या कारखान्याने उत्पादनावर देखरेख करायला निदान एक तांत्रिक माणूस ठेवावा. पण नियम सोडा. कणी किती पडते?

काकाजी : एचएमटीला पडतेच. बारीक दाणा, तुटतो.

पुतणी : बारीक म्हणून तुटतो, आणि आधीच तडकलेला असतो म्हणूनही. कापणीच्या वेळी दाण्यात वीस-बावीस टक्के ओलावा असतो. तो डांबरी रस्त्यावर पातळ पसरून दुपारच्या उन्हात एकदम वाळवला की बाहेरचा थर आधी आकसतो, आत ओल राहते, दाण्याला आडवी चीर पडते. रात्री दव पडलं की तो वरून पुन्हा ओल पितो, चीर वाढते. एक दाणा सोलून दिव्यासमोर धरा, रेघ दिसेल. मग रबराचे रोल कितीही नीट लावा, तो तिथेच मोडणार. थोडं वाळवायचं, ढिगात विसावू द्यायचं म्हणजे आतली ओल बाहेर सरकते, मग पुन्हा वाळवायचं. तेरा-चौदा टक्क्यांवर थांबायचं. ओलावा मोजणारं यंत्र आणि ते रोज लिहून ठेवणारा माणूस, एवढंच लागतं.

काकाजी : पैशात सांग.

पुतणी : दिवसाला शंभर क्विंटल धान भरडता असं धरू. क्विंटलमागे पाच किलो कणी कमी पडली तर पाचशे किलो तांदूळ कणीच्या भावाऐवजी सबंध तांदळाच्या भावाने गेला. किलोला वीस रुपये फरक धरा. दहा हजार रुपये दिवसाला. तीन दिवसांत त्याचा महिना निघाला.

काकाजी : माझी मिल बारा महिने चालत नाही. सरकारी भरडाईत तर सरकारला क्विंटलमागे सदुसष्ट किलो द्यायचे, संपलं. त्यात सबंध तांदूळ जास्त निघाल्याचं मला काय मिळतं? आणि पाच किलो वाचतील याची हमी कोण देणार?

पुतणी : हमी मी देऊ शकत नाही, एक हंगाम करून पाहता येईल. एकट्या मिलला परवडत नसेल तर मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा इथल्या पाच-सहा मिलवाल्यांनी मिळून एक माणूस ठेवा. हंगामात धान, उरलेल्या महिन्यांत कोंड्याचं तेल, पोहे, मुरमुरे, साठवणुकीची कीड. बारा महिन्यांचं काम आहे.

काकाजी : मिलवाले एकत्र येतात ते फक्त भरडाईचे दर वाढवायला. पण... बोलून पाहतो.

ग्रामसभेची नोकरी

पुतणी : असा माणूस ठेवायला तुमच्या आधी ग्रामसभा पुढे येतील कदाचित. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली त्यांनी स्वतःचा बांबू विकला. त्यानंतर कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. कोरचीला तर महाग्रामसभा आहे. हातात पैसा आला, पण मोहफुलाचं काय? मार्च-एप्रिलमध्ये वेचायचं, जमिनीवर वाळवायचं, माती-कचऱ्यासकट व्यापाऱ्याला द्यायचं. पावसाळ्यात गरज पडली की तेच महाग विकत घ्यायचं. फुलात साखर भरपूर, म्हणून ओल राहिली की लगेच आंबतं, काळं पडतं. झाडाखाली जाळी बांधायची, उचलून वाळवायचं, हवाबंद साठवायचं, लाडू-मनुके-सरबत करायचं. यात अन्नशास्त्रच अन्नशास्त्र आहे. चारोळीत आहे, हिरड्यात आहे.

काकाजी : ग्रामसभा पगार देईल?

पुतणी : पन्नास ग्रामसभांनी मिळून दिला तर प्रत्येकीच्या वाट्याला महिन्याला हजार रुपयेही येत नाहीत. आणि तो माणूस त्यांना उत्तर देईल, अकोल्याला नाही. तुमची अट तिथे आपोआप पुरी होते.

काकाजी : हे मला आवडलं. सरकारी पदाच्या मागे लागण्यापेक्षा हेच करा ना सगळ्यांनी!

पुतणी : नाही काकाजी, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ग्रामसभा मोहाचं काम करून घेईल, मिल कणीचं करून घेईल, कारण त्याचा पैसा त्याच वर्षी दिसतो. वाणाला दहा-बारा वर्षं लागतात. एवढं थांबायची ताकद फक्त सरकारात आहे. कंपनी थांबली तर ती दरवर्षी विकत घ्यावं लागेल असं बियाणं काढील. तुमच्या कोठीत राखून ठेवता येईल असा सरळ वाण ती कशाला काढील? पैदासकाराचं पद सरकारीच पाहिजे, कायम पाहिजे आणि भरलेलं पाहिजे.

काकाजी : आणि मी म्हणतो, कायम पद हा आळसाचा परवाना आहे. पाच वर्षांचा करार द्या, शेतकऱ्यांनी पसंती दिली तर पुढची पाच.

पुतणी : पाच वर्षांत ओळ एकसारखीही होत नाही.

काकाजी : मग सात द्या. पण बिनशर्त देऊ नका.

*

दोघांचं एकमत झालं नाही, आणि मला ते ओढूनताणून घडवायचंही नाही. माझं स्वतःचं मत पुतणीच्या बाजूचं आहे. धान पैदास हे सार्वजनिक काम आहे, त्याचं पद कायम असावं आणि एकाच माणसाने वाणाच्या जन्मापासून अधिसूचनेपर्यंत ते सांभाळावं. काकाजींची अटही मी तितक्याच आग्रहाने धरीन, की त्या माणसाच्या बढतीत धान लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या मताला वजन असावं. आणि ज्या शेतकऱ्याच्या बांधीतून पहिली लोंबी आली, त्याचं नाव आणि त्याचा पैशातला वाटा कागदावर पहिल्या दिवशी लिहिला जावा. दादाजींच्या बाबतीत जे राहून गेलं, ते आता कायदा असताना राहता कामा नये.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जवळजवळ दरवर्षी धानाच्या बोनसची मागणी गाजते. ती रास्त आहे. पण बोनस एका हंगामाचा असतो. पूर्व विदर्भाच्या आमदारांनी त्याच चर्चेत आणखी तीन प्रश्न विचारावेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी धानाच्या पैदासकारांची पदं किती आहेत? त्यातल्या किती पदांवर आज माणूस बसलेला आहे? आणि तो किती महिन्यांच्या करारावर आहे? उत्तरं सभागृहाच्या पटलावर आली पाहिजेत, कारण पुढच्या दहा वर्षांत मूल-सिंदेवाहीच्या बांधीत कोणता धान उभा असेल, ते याच तीन आकड्यांवर ठरणार आहे.